शाडूची भिंत

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात फ्लॅट घेतला तेव्हा बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की सगळ्या भिंतींना क्रीम कलर द्यावा आणि विषय संपवावा. समीक्षा शाळेत गणित शिकवते. तिला प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर आवडतं. पण हॉलची समोरची भिंत मी माझ्यासाठी मागून घेतली. कंपनीत बारा वर्षं मी डिस्पॅचच्या चलनांवर शिक्के मारतोय. (शाईचा रंगसुद्धा स्टोअरवाले ठरवतात.) निदान एक भिंत तरी माझ्या मनासारखी असावी.

पेंटर पोपटने शेडकार्ड आणलं. त्यात नुसत्या मातकट रंगाचेच चाळीस तुकडे होते. मी ते मिटून परत दिलं आणि असले रंग कार्डात सापडत नसतात, असं त्याला ऐकवलं. मग रजा टाकून पेणला गेलो. एका गणपतीच्या कारखान्यात एका मूर्तीसमोर पाय थबकले. फिकट, राखाडीकडे झुकलेला, ऊन खाल्लेला असा तो रंग. मूर्तिकार जगनशेठना मी शेडचं नाव विचारलं.

"रंग नाय दिला अजून," ते शांतपणे म्हणाले. "शाडू हाय ती."

मी दोन पोती शाडूच घेऊन आलो.

टेक्स्चर मिळालं कासूला, सासुरवाडीत. गोठ्याच्या मातीच्या भिंतीत पेंढ्याच्या काड्या चमकत होत्या. मी त्या भिंतीवरून इतका वेळ हात फिरवत राहिलो, की सासूबाईंनी चक्कर येतेय का म्हणून विचारलं. सासरे गंजीतला स्वच्छ पेंढा द्यायला निघाले होते, पण मला खळ्याच्या कोपऱ्यातला बारीक, सोनेरी चुरा आवडला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. (जावयाला कोण अडवणार?)

तीन दिवस राबून पोपटने भिंत लिंपली. अप्रतिम झाली! पंखा लावून ती वाळू द्या, असं तो बजावून गेला. पण मला भेगांची धास्ती. म्हणून कुंड्यांचा फवारा घेऊन मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिलो. समोरच्या मनालीताई येऊन फोटो काढून गेल्या. कंपनीच्या ग्रुपवर साहेबांनी अंगठा दिला. समीक्षाही चहाचा कप घेऊन भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. क्रीम हा शब्दही काढला नाही. मी स्वतःला पास करून टाकलं.

सहाव्या दिवशी भिंतीवर हिरवट झाक आली. नैसर्गिक रंग असाच मुरत जातो, असं मी बायकोला समजावलं. रविवारी वास्तुशांत होती. तोवर ती झाक दोन बोटं उंच झाली होती.

पंचवीस पाहुणे हॉलमध्ये भिंतीकडे बघत बसले होते. शेवटी समीक्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, भिंत उगवलीय."

सासरे उठले. त्यांनी चष्मा लावला, भिंतीतलं एक रोप उपटलं आणि मुळं निरखली. आता सगळ्यांदेखत शोभा होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"भात हाय," ते म्हणाले. "चुऱ्यात दाणे होते, तेव्हाच सांगणार होतो. पण जावयबापू, उगवण बघा काय झालीय. माझ्या खाचरात अशी येत नाय."

माझी छाती एकदम दोन इंच फुगली. उरलेला दिवस मी जेवायला बसलेल्या प्रत्येकाला पानावरून उठवून उगवण दाखवली. संध्याकाळी सासऱ्यांनी थापीने रोपं मातीसकट अलगद सोडवली, दोन घमेल्यांत भरली आणि खाचरात लावायला कासूला नेली. पोपटने भिंतीला क्रीम कलर दिला. मला त्याचं काही वाटलं नाही. फ्लॅटच्या हॉलमध्ये भाताचं रोप काढणारा आख्ख्या रोह्यात दुसरा कोण आहे?

दिवाळीत सासरे पिशवीभर नवे तांदूळ घेऊन आले. मी समीक्षाला त्यांचाच भात लावायला सांगितला, मनालीताईंना मुद्दाम जेवायला बोलावलं, आणि पहिला घास डोळे मिटून खाल्ला. चवीत शाडूचा गारवा उतरलाय, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, तिसऱ्यांदाही.

सासऱ्यांनी माझा तिसरा भात संपू दिला. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "जावयबापू, हे आमच्या खाचरातलं. तुमची रोपं त्याच सांजेला म्हशीनं खाल्ली."