राणीसाहेबांच्या गालिच्यातलं भोक

गालिच्याला भोक पडलं होतं. साधंसुधं नव्हे, जेवणाच्या ताटाएवढं. गोल, कडा रेखीव, बघत राहावं असं. आणि ते गादीमास्तरांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कात्रीनं, शीळ घालत पाडलं होतं.

गादीमास्तर लष्करी हेलिकॉप्टरांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सीटा, पडदे आणि गालिचे शिवायचे. त्याआधी अठरा वर्षं रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी स्कूटरच्या सीटांना कव्हरं घातली होती. इथे लागून आज बरोबर सहा महिने पूर्ण होत होते. संध्याकाळी फोरमननी शिफारशीच्या कागदावर सही केली की मास्तर कायम. नाही केली की पुन्हा रस्त्याची कडा. बायकोनं मात्र सहीची वाट न बघता दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं.

शेडमध्ये एकाच घराण्यातली चार प्रकारची हेलिकॉप्टरं येत. सांगाडा एक, इंजिन एक, पंखा एक. फरक काय तो पोटात. सैनिकांना बाकड्यांवर बसवून नेणारी ती थोरली. जाळ्यात बांधलेलं सामान पोटाखाली लटकवून नेणारी ती ओझेवाली. तिच्या तळात आकडा सोडायला गोल झाकण असे. स्ट्रेचर लावलेली ती नर्स. आणि मऊ खुर्च्यांवर बड्या साहेबांना मिरवणारी ती राणीसाहेब. कारखान्याच्या पुस्तकात चौघींना लांबलचक क्रमांक होते, पण ते कुणाच्या तोंडी बसले नव्हते.

मास्तर हाडाचे शिंपी. चौघींच्या तळाची मापं घेऊन त्यांनी खाकी कागद कापले होते आणि भिंतीवर चार खिळ्यांना अडकवले होते. बहिणी एकाच मापाच्या, त्यामुळे कागदांच्या बाहेरच्या कडाही सारख्या. सकाळी बायकोशी फोनवर बोलता बोलता त्यांनी ओझेवालीचा कागद काढला, राणीसाहेबांच्या निळ्या लोकरी गालिच्यावर पसरला आणि फोन ठेवून, शीळ घालत, कागद सांगेल तसे कापत गेले. कागदात गोल होता, त्यांनी गोल कापला. गोंद लावून गालिचा अंथरला, चारही कोपरे चपखल बसले. खूश होऊन मास्तर दोन पावलं मागे सरले, आणि मग त्यांना भोक दिसलं.

तेवढ्यात फोरमन आत डोकावले. बोलताना ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे शेडमधले सगळे त्यांना जास्त घाबरत.

"मास्तर, हे काय आहे?"

"भोक आहे, साहेब."

"ते मलाही दिसतंय. का आहे?"

मास्तरांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. फोरमननी खिळा पाहिला, कागद पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं.

"हा गालिचा मागवायला आठ महिने लागले. दोन वाजता तपासनीस बाई येतायत. तीन वाजता बडे साहेब. आणि पाच वाजता तुमचा कागद माझ्या टेबलावर. लक्षात आहे ना?"

"दुसरं काही लक्षातच नाहीये, साहेब."

"कापलेली चकती कुठाय? बसवा परत, कडेनं शिवून टाका. कुणाला कळणार नाही."

मास्तरांच्या जिवात जीव आला. ते धावतच स्टोअरमध्ये गेले, कारण चकती त्यांनी तासाभरापूर्वी स्टोअरवाल्या ताईंना मोठ्या मनानं भेट दिली होती. ताईंनी ती टेबलावर ठेवली होती, आणि चकतीवर चहाचं पातेलं होतं.

"ताई, ते जरा उचलता?"

ताईंनी पातेलं उचललं. निळ्या लोकरीवर मधोमध करपलेलं काळं कडं उमटलं होतं.

"छान राहतं हो यावर," ताई म्हणाल्या. "शेगडीवरून थेट ठेवलं तरी टेबलाला काही होत नाही."

चकतीचा नाद सोडावा लागला. फोरमन म्हणाले, "खुर्ची ठेवू त्यावर." राणीसाहेबांच्या खुर्च्या रुळांवर बसवलेल्या असत. मधली खुर्ची चार घरं पुढे घेतली, तर भोक दिसेनासं झालं, पण बसणाऱ्याचे गुडघे समोरच्या खुर्चीला टेकायला लागले. बडे साहेब चांगले उंच होते. म्हणून समोरची खुर्ची काढली. तिथे जागा बोडकी दिसायला लागली, म्हणून नर्सकडून औषधांचं छोटं कपाट आणून लावलं. कपाटाचं दार उघडलं की बाहेरचं दार अडकायचं, म्हणून कपाट मागे नेलं, आणि त्यासाठी मागच्या दोन खुर्च्या निघाल्या. आता सहा माणसांना तीनच खुर्च्या उरल्या. तेव्हा थोरलीचं घडीचं बाकडं आलं. मास्तरांनी घाईघाईनं त्याला मखमलीचं कव्हर घातलं. कव्हर सुंदर झालं होतं, पण बाकडं ते बाकडंच.

दीड वाजता फोरमन दारात उभे राहून आत बघत होते.

"मास्तर, ही आता कोण आहे?"

"पाचवी बहीण म्हणा, साहेब."

"पुस्तकात पाचवी नाही. बाईंच्या फॉर्मवर चार चौकोन आहेत. त्या कशावर खूण करणार?" फोरमननी कपाळाचा घाम पुसला. "सगळं होतं तसं करा. अर्धा तास आहे."

खुर्च्या परत, बाकडं परत, कपाट परत. नर्सच्या कपाटातून एक बँडेज निसटलं आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडत गेलं. ते गुंडाळत मास्तर गुडघ्यांवर रांगत असतानाच फोन वाजला.

"अहो, झाली का सही? मामंजी विचारतायत."

"पाच वाजता."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"वाकलोय."

"आता वाकायची सवय सोडा जरा. कायम माणूस तुम्ही," असं म्हणून बायकोनं फोन ठेवला. मास्तरांना रडू यायचंच बाकी होतं. अठरा वर्षं धूळ खाल्ली त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण आता वडिलांना काय सांगायचं, हाच प्रश्न होता.

बरोबर दोन वाजता तपासनीस बाई आल्या. बारीक अंगकाठी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, हातात टॉर्च आणि पाठपोट छापलेला फॉर्म. त्यांनी 'राणीसाहेब'च्या क्रमांकापुढे खूण केली, आत शिरल्या आणि भोकापाशी थांबल्या. फोरमन खिडकीबाहेर बघू लागले. मास्तर स्वतःच्या चपलांकडे.

"इथून खालचं झाकण दिसतंय," बाई म्हणाल्या.

"हो, बाई," मास्तर कसेबसे म्हणाले.

"चौघींचा सांगाडा एकच ना, त्यामुळे आकड्याचं झाकण हिलाही आहेच. फॉर्ममध्ये लिहिलंय, 'झाकण दिसत असल्यास उघडून पाहणे.' हिचं गालिच्याखाली झाकलेलं, कधी दिसलंच नाही. त्यामुळे तपासणीत कुणी उघडलंच नाही." त्यांनी चष्मा लावला. "आता दिसतंय. उघडा."

चार स्क्रू निघाले. बाईंनी टॉर्च आत धरला. मग बाही सरसावून हात आत घातला आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

"सुकाणूच्या दांड्यांपासून चार बोटांवर पडला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "एखाद्या गचक्यानं सरकला असता आणि अडकला असता, तर पायलटला वळवता आलं नसतं."

तासाभरात याच पोटात माणसं बसणार होती, आणि भोकापेक्षा वाईट गोष्ट जगात असू शकते हे मास्तरांना सकाळपासून पहिल्यांदाच कळलं.

शेडमधल्या प्रत्येक हत्यारावर ज्याचा त्याचा नंबर कोरलेला असे. बाईंनी मूठ उजेडात फिरवली. "सात. सात नंबर कोणाचा?"

स्टोअरवाल्या ताई फॉर्मवर सही करायला दारात येऊन उभ्याच होत्या. त्यांनी मान पुढे काढली. "अगं बाई, हा तर साहेबांचा. पण साहेब, हा तुटला होता ना? तीन वर्षांपूर्वी, हिच्या तळाचं काम चाललं होतं तेव्हा? मीच लिहिलंय रजिस्टरला, 'तुटला, सबब नवीन दिला.'"

फोरमनचा चेहरा गालिच्याच्या रंगाचा झाला. बाईंनी फॉर्मच्या पाठीमागे तीन ओळी लिहिल्या, त्या सगळ्या सात नंबरबद्दल होत्या. मग पान उलटून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"हे भोक कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"चुकून पडलं हो, बाई." मास्तरांना खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"फॉर्ममध्ये 'चुकून' असा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "'दोष' आहे आणि 'सुधारणा' आहे. दोष मी पाठीमागे लिहिलाय." आणि त्यांनी 'सुधारणा'च्या रकान्यात नीटस अक्षरात लिहिलं, *गालिच्यात झाकणासाठी गोल जागा. यापुढे सर्व राणीसाहेबांना असावी.* मग स्वतःच हसून 'राणीसाहेबांना' खोडून क्रमांक घातला. "कडेला एक नीट पट्टी मात्र शिवा. दोरे निघतायत."

तीन वाजता बडे साहेब आले, बसले, गेले आणि सुखरूप उतरल्याचा निरोपही आला. तो येईपर्यंत मास्तर काही न करता शेडच्या दारात आकाशाकडे बघत उभे होते. निरोप ऐकून त्यांनी जो श्वास सोडला, तो सकाळपासून कोंडलेला असावा.

पाच वाजता फोरमन स्वतःच मास्तरांच्या शिलाई मशीनपाशी आले. हातात शिफारशीचा कागद होता, खाली सही होती, आणि शाई अजून ओली होती. शेडमध्ये कुणी ऐकत नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं.

"मास्तर, वरून मला विचारणा होणार आहे. त्यात जरा बरं दिसावं म्हणून विचारतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ते भोक आपण दोघांनी ठरवूनच पाडलं होतं ना?"

मास्तरांनी कागद घेतला, सहीवर फुंकर मारली, घडी घालून आतल्या खिशात ठेवला.

"हो साहेब," ते म्हणाले. "तुमचा स्क्रूड्रायव्हर शोधायला."