चार हजार खोक्यांची लढाई

खोका क्रमांक ४११२. आत भाले, नग चाळीस. नाजूक. ही बाजू वर.

एका हत्तीला बबलचा कागद किती लागतो? एकशे साठ मीटर. सोंडेचा वेगळा.

"थोडंसंच दुखेल हं!" असं म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन हजार घोडेस्वार सोडले.

तिसऱ्या रांगेत एक बाई खुर्चीवर उभी. चपलांसकट! "अहो, फाडा! फाडा म्हणते ना!"

हे सगळं एकाच दुपारी घडलं, मंडळी, आणि एकाच माणसामुळे घडलं.

त्याला सगळे बबलदादा म्हणत, कारण काखेत बबलच्या कागदाची गुंडाळी नाही असा तो कुणाला दिसलाच नव्हता. धंदा घरं हलवण्याचा. या घरातलं सामान बांधायचं, ट्रकात चढवायचं, त्या घरात उतरवायचं. अठ्ठावीस वर्षांत एक कप फुटला नव्हता. बशीचा टवकासुद्धा उडाला नव्हता! त्यामुळे टीव्हीवरच्या लढायांच्या स्पर्धेत त्याची निवड झाली तेव्हा त्याला घाम वगैरे काही फुटला नाही.

"लढाई म्हणजे असतं काय गं?" तो बायकोला म्हणाला. "माणसं आणि सामान. इथून उचलायचं, तिथं ठेवायचं. मी रोज करतो!"

"रोज समोरून कुणी भाला घेऊन येत नाही."

"परवाच्या गिऱ्हाइकाच्या आजी तू पाहिल्या नाहीस! काठी घेऊन उभ्या होत्या, कपाटाला हात लावू देईनात!"

कार्यक्रम असा होता. इतिहासातली एखादी लढाई संगणकावर पुन्हा मांडायची आणि दोन स्पर्धकांनी एकेक सैन्य घेऊन ती नव्यानं लढायची. तोंडानं हुकूम सोडायचा, पडद्यावरचे सैनिक तो पाळायचे. सैनिक भलतेच हुशार. सेनापतीच्या सवयी बघून पुढचं आपलं आपणच शिकायचे.

बबलदादाला बक्षिसाची फिकीर नव्हती. त्याचा डोळा परीक्षकबाईंवर होता. तसा नव्हे हो! त्या शहरातल्या संग्रहालयाच्या संचालिका होत्या आणि संग्रहालय नव्या इमारतीत जायचं होतं. अकरा हजार वस्तू! बबलदादानं त्या कामासाठी अर्ज केला होता आणि "बघू" एवढंच उत्तर आलं होतं. जन्मभर लोकांचे फ्रिज आणि गाद्या वाहिल्या. एकदा तरी आठशे वर्षांपूर्वीचं मातीचं भांडं छातीशी धरून जिना उतरावा, असं त्याला फार वाटे. आज संचालिकाबाईंना आपलं काम दाखवायचं, बस्स!

त्याच्या वाट्याला हरलेली बाजू आली. निवेदकानं समजावलं की हा सेनापती डोंगर ओलांडून उशिरा पोहोचला, तोही अर्धं सैन्य घेऊन. उरलेलं अर्धं वाटेत विखुरलं.

"विखुरलं?" बबलदादानं कपाळावर हात मारला. "यादी नव्हती केली त्यांनी?"

आणि तो कामाला लागला. "पहिली तुकडी, खोकी उभी करा! दुसरी, टेप! समोर जे उभं दिसेल ते गुंडाळायचं, नंबर टाकायचा, यादीत चढवायचं!"

संगणकानं विचारलं, "बबलचा कागद म्हणजे काय?" बबलदादानं सात मिनिटं जीव तोडून समजावलं. संगणक शिकला.

तलवारी बांधल्या. ढाली बांधल्या. बाण तर एकेक वेगळा! हत्ती गुंडाळले, तरी ते बिचारे चालत राहिले. चार हजार दोनशे खोकी डोंगर चढली, डोंगर उतरली आणि वेळेच्या तासभर आधी मैदानावर हजर! एक माणूस कमी नाही, एक बाण वाकडा नाही. प्रेक्षक उभे राहिले. संचालिकाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बबलदादानं ते वाचायला जिराफासारखी मान लांबवली.

नेमकं तेव्हाच समोरच्या सैन्याच्या सेनापती, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपले घोडेस्वार सोडले.

"अहो, भाले काढा!" तिसऱ्या रांगेतून बायको किंचाळली.

"काढतो ना! पण कुठल्या खोक्यात ते यादीत बघायला नको?"

"मग बघा यादी!"

"ती एक नंबरच्या खोक्यात आहे."

"आणि एक नंबरचा खोका?"

"सगळ्यात खाली. तो आधी भरला ना!"

बायको खुर्चीवर चढली ती याच क्षणी.

"फाडायचं नाही!" बबलदादा माइकमध्ये ओरडला. "टेप टोकाकडून सावकाश सोडवा! खोकी परत वापरायचीत!"

हुकूम तो हुकूम. आठ हजार वीर मैदानात मांडी घालून बसले आणि नखानं टेपचं टोक शोधू लागले. घोडेस्वार आले, अगदी अंगावर आले! सैनिकांनी वर पाहिलं. समोर काहीतरी उभं होतं.

पुढचं ते आपलं आपण शिकलेले होते.

दहा मिनिटांत दोन हजार घोडे गुंडाळून झाले. स्वार वेगळे, रिकिबी वेगळ्या.

"अहो दादा, हे काय चाललंय? माझे घोडे सोडा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"थांबवता येईना हो! मी काही बोललेलो नाही!"

त्यांनी घाबरून पायदळ पाठवलं. पायदळ खोक्यात! मग तंबू, मग पूल, मग टेकडीवरची झाडं. शेवटी मैदानात एकटा बबलदादाचा सेनापती उभा उरला. सैनिकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरे, मी! मी आहे मी!" पडद्यावरचा सेनापती ओरडला.

त्यानंतर स्पीकरमधून फक्त "म्मम्म" ऐकू आलं.

निकाल शून्य-शून्य. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तंत्रज्ञांनी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली, तर पडद्यावर भलामोठा खोका आला. ही बाजू वर.

बबलदादा बुटांकडे बघत उभा. गेलं काम हातचं! संचालिकाबाई उठल्या.

"तीस वर्षांत असं पॅकिंग मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "संग्रहालय तुम्हीच हलवा. पण एक अट आहे. यादी माझ्याकडे राहील."

"आणि कात्री माझ्याकडे!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

हत्यारं सैनिकांच्या हातातच असतात, ती वेगळी हलवावी लागत नाहीत, असं नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं; ती पुस्तिका पंधरा दिवस आधी टपालानं घरी आली होती आणि बबलदादानं ती न उघडताच बबलच्या कागदात गुंडाळून ठेवली होती.