त्र्यंबकराव साळिंदरांचं गॅरेज

एका जंगलात, मुलांनो, घरं बांधायची साथ आली होती.

मुलांनो म्हटलं म्हणून रागावू नका. तुमच्यातल्या काहींना टक्कल पडलंय, हे मला इथून दिसतंय. पण गोष्ट ऐकायला बसलं की सगळे लहानच असतात. आणि सांगणारा शहाणा असतो, असं निदान त्याला तरी वाटतं.

तर साथ. ज्याला त्याला आपलं बीळ नकोसं झालं. ढोली, जाळी, गुहा, सगळं जुनाट वाटू लागलं. टेकडीपलीकडे नवं नगर वसत होतं. तिथल्या प्रत्येक घराला गॅरेज असे, कारण जंगलात गाड्या आल्या होत्या. रस्ते यायचे होते.

त्र्यंबकराव साळिंदर हे जन्मभर कंदमुळांच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीही तिथे एक प्लॉट घेतला. प्लॉट बेताचा होता. इतका बेताचा, की काटे फुलवले तर ते शेजाऱ्याच्या हद्दीत जात.

त्यांच्या बायकोचं, अंबूताईंचं, एकच मागणं होतं. शेवंतीसाठी एक खोली हवी. शेवंती ही त्यांची एकुलती एक लेक. ती ओढ्यापलीकडे दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा साळिंदरांचा रिवाज. पण जुन्या बिळात भिंतींना ओल होती, म्हणून तर घर बांधायचं. खोली उबदार हवी आणि वाऱ्याच्या बाजूला खिडकी नको, बाकी काय वाटेल ते बांधा, असं अंबूताईंनी सांगून टाकलं.

नकाशा काढायला सुगरण पक्षी आला. जंगलातला नावाजलेला आर्किटेक्ट. चोचीतली काडी बाजूला ठेवून त्याने विचारलं, "गॅरेज घराला जोडून काढू की सुटं?"

खरं उत्तर सोपं होतं. त्र्यंबकरावांकडे गाडी नव्हती. होण्यातलीही नव्हती, कारण साळिंदराला गाडीत बसताच येत नाही. एकदा घोरपडीने आग्रह करून त्यांना आपल्या गाडीतून सोडलं होतं. ती सीट अजून कोणाच्या उपयोगाची नाही.

पण एवढ्या मोठ्या आर्किटेक्टसमोर 'गाडी नाही' असं म्हणायला जीभ रेटेना. त्र्यंबकराव गंभीर झाले. बघून सांगतो, म्हणाले.

इथेच घात झाला, मुलांनो. तुम्ही-आम्हीही हेच म्हणालो असतो, तेव्हा फार हसू नका.

शेजारी दाजीबा रानडुक्कर राहत. त्यांचं गॅरेज जोडून होतं. स्वयंपाकघरातून उठलं की थेट गाडीत, पावसाळ्यात खुरांना चिखल लागत नाही, असं ते सांगत. रानडुकराला चिखलाचा कंटाळा कधीपासून आला, हे कोणी विचारलं नाही. समोरच्या सशाचं गॅरेज सुटं होतं. धुराचा वास आमटीत उतरत नाही, आणि पहाटे गाडी सुरू केली तरी पोरं उठत नाहीत, हे त्याचं म्हणणं. सशाच्या घरात पोरं किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

त्र्यंबकराव दोघांकडे जाऊन आले. मग आणखी दहा घरी गेले. त्यांचा अभ्यास वाढला. लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येऊ लागले. वडाखाली जोडवाले आणि सुटेवाले असे दोन तट पडले, आणि दोघांनाही समजवायला त्र्यंबकरावच. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांना इतकं बोलायला वेळ नसे.

जन्मभर कोणी त्यांचं मत विचारलं नव्हतं. आता सगळे विचारत होते. बिचारे फार सुखात होते.

शेवटी त्यांनी 'जोडून' असा कौल दिला. सुगरण पक्ष्याने नकाशा मांडला. हॉल, स्वयंपाकघर, नवरा-बायकोची खोली आणि गॅरेज. प्लॉट संपला. शेवंतीसाठी हॉलमध्ये पडदा लावू, असं त्र्यंबकराव जरा घाईघाईने म्हणाले. अंबूताई उठून चुलीकडे गेल्या. त्या दिवशी भाजी मात्र अळणी झाली होती.

घर दसऱ्याला पुरं झालं. दसऱ्याला गाडीची पूजा असते. हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा. त्र्यंबकरावांनी रिवाज मोडला नाही. गाडी असती तर जिथे असती, तिथे त्यांनी हार ठेवला. चाकं जिथे आली असती, तिथे लिंबं मांडली. शेजारी प्रसाद घेऊन गेले. गाडी सर्व्हिसिंगला गेली असेल, असं दाजीबांनी परस्परच सगळ्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी अंबूताईंनी लिंबं उचलली आणि लोणचं घातलं.

दिवाळीत शेवंती घर बघायला आली. पोट चांगलंच दिसत होतं. त्र्यंबकरावांनी तिला आधी गॅरेज दाखवलं. शटर वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. मग हॉलमधला पडदा दाखवला. शेवंतीने पडद्याला हात लावला आणि ती पुन्हा गॅरेजच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"गाडी येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "मी येणार, हेही ठाऊक होतं."

ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. सासूबाईंनी खोली सारवून ठेवली आहे, मी तिकडेच राहते, असं आईला सांगून ती दुपारच्या आत परत गेली. अंबूताई स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडल्या.

ज्याच्या अंगावर काटे असतात, त्याला आपल्यालाही कोणी टोचेल असं वाटत नसतं. त्र्यंबकराव गॅरेजात जाऊन जमिनीवर बसले. लाजेने त्यांना वर बघवेना. बराच वेळ बसल्यावर पाठीला ऊब लागली. भिंतीपलीकडे चूल होती. खिडकी तर कुठेच नव्हती.

ते उठले, आणि भरदिवसा, सगळ्या आळीसमोर, अंगणातून बाज ओढत गॅरेजात आणू लागले.

"अहो, मग गाडी कुठे लावणार?" दाजीबांनी कुंपणावरून विचारलं.

"गाडी नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"सर्व्हिसिंगहून आली नाही का अजून?"

"नव्हतीच हो कधी. मला गाडीत बसता येत नाही."

समोरचा ससा ऐकत होता. म्हणजे जंगलाने ऐकलं. त्र्यंबकराव तसेच पायी ओढा ओलांडून लेकीच्या सासरी गेले आणि तिथल्या अंगणातही हेच वाक्य, अडखळत का होईना, बोलले. वर म्हणाले, "चूक झाली, पोरी. चल." शेवंतीने सासूकडे पाहिलं. सासूने बोचकं बांधायला घेतलं. बाप-लेक हळूहळू चालत आले, म्हणून घरी यायला दिवस मावळला.

शेवंतीला मुलगी झाली. मऊ काट्यांची, बापाच्या नाकाची. बारसं गॅरेजातच झालं. तुळईला पाळणा बांधला होता. शटर वर केल्यामुळे सगळी आळी आत मावली.

दाजीबांनी पाळणा पाहिला, भिंतीची ऊब हाताने चाचपली आणि त्र्यंबकरावांना कोपऱ्यात घेतलं. सुनेला दिवस गेले आहेत, म्हणाले, तर बाळंतिणीची खोली घराला जोडून बरी की सुटी? तुमचा अभ्यास आहे म्हणून विचारतो.

दोन-चार जण कान टवकारून जवळ सरकले. त्र्यंबकराव खाकरले. त्यांनी मान ताठ केली, बोट वर केलं. तेवढ्यात शेवंतीने मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. मग अंगावरचा एकेक काटा मिटून घेत ते नुसते बसून राहिले, आणि दाजीबांना उत्तर मिळालंच नाही.

तात्पर्य: गाडी नसली तरी गॅरेज अवश्य बांधावं, आणि ते घराला जोडूनच बांधावं. लेकीला सुट्या गॅरेजात ठेवलं असतं, तर चार लोकांनी नावं ठेवली असती.