तात्यांची गळकी फटफटी

आमच्या डिंगोरे गावात इंजिनाला पावडर लावणारा एकच माणूस आहे, तात्या. स्वतःच्या तोंडाला त्यांनी लग्नातही लावली नसेल. पण त्यांची जुनी लोखंडी फटफटी डिझेलने पुसून, वर पांढरी पावडर थापून अंगणात उभी असते. मग तात्या गावातून एक फेरी मारतात, उतरतात आणि गुडघ्यांवर बसून पावडर कुठे ओली झाली ते बघतात. जिथे ओली, तिथून ऑइल गळतंय. पद्धत बरोबर आहे, पण रस्त्याने जाणारे पद्धत बघत नाहीत.

"काय तात्या, नवरी कुठं निघाली?"

"सासरीच निघालीय. रडायची थांबंना म्हनून खोळंबलीय."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी पत्रकं काढणारा माणूस. ओढ्यात घाण सोडणाऱ्यांविरुद्ध 'ओढा कुणाच्या बापाचा?' हे माझं पत्रक घरोघर वाटत होतो. तात्यांच्या अंगणातला काळा डाग दिसला आणि पेटलोच. "हे ऑइल कुठे जातं? ओढ्यात! पुढच्या पिढीला काय उत्तर देणार तुम्ही?"

तात्यांनी शांतपणे इंजिनाखालचा डबा दाखवला. ऑइल त्यात साठायचं आणि डबा भरला की दाराच्या चौकटींना लागायचं, वाळवी धरू नये म्हणून. त्यांच्या घरात एकही चौकट लाकडाच्या रंगाची उरलेली नाही.

"बस, पुढारी," ते म्हणाले. "आन् त्यो कागद दे इकडं."

मला वाटलं, वाचणार. त्यांनी पत्रक इंजिनाच्या झाकणावर ठेवलं, कडेने हातोडीने टिचक्या मारून आकार उमटवला, कात्रीने कापलं आणि झाकणाखाली पॅकिंग म्हणून बसवलं. दुसऱ्या दिवशी डबा नेहमीपेक्षा लवकर भरला.

"तुझ्या कागदात दम न्हाई, राव. लग्नपत्रिका बरी. जाड असती."

गावात पत्रिका आली की तात्या आधी ती अंगठ्याने वाकवून बघायचे, लग्न कुणाचं ते नंतर. मी याचाही निषेध नोंदवला.

मेकॅनिकला ते हात लावू द्यायचे नाहीत. "दुसऱ्यानं खोलली की गाडी परकी व्हती." हा शुद्ध हट्ट आहे आणि तसं मी तोंडावर सांगितलं. ते स्वतःच नट आवळायचे. इकडचं गळणं थांबलं की तिकडून सुरू व्हायचं.

या सगळ्याच्या मुळाशी काकू, म्हणजे तात्यांची बायको, होत्या. नातीला सांभाळायला म्हणून त्या पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. मला याचा संताप येतो. मुलाला आई हवी, सुनेला सासू हवी, नातीला आजी हवी. आणि म्हाताऱ्याने काय चौकटींशी बोलायचं? यावर पत्रकच काढतो म्हणालो, तर तात्या म्हणाले, "काढ. पन जाड कागदावर काढ."

लेण्याद्रीला जाताना नव्या साडीवर ऑइल उडालं, तेव्हापासून काकूंनी फटफटीवर बसणं सोडलं होतं. फोनवर त्या हसत म्हणायच्या, "गळायचं थांबलं की बसते मागं." काकू विसरून जायच्या. तात्यांनी मात्र ते करारासारखं धरलं होतं.

गावच्या यात्रेला काकू येणार होत्या. त्यांना मागे बसवून ओतूरला न्यायचं आणि वाटेत म्हणायचं, आता हितंच ऱ्हा, एवढाच तात्यांचा बेत. घरात, मुलासमोर, हे त्यांच्या तोंडून निघालं नसतं. फटफटीवर निघालं असतं, कारण चालवणाऱ्याचं तोंड पुढे असतं.

यात्रा जवळ आली तरी गळती थांबेना. शेवटी रोग सापडला फोनवर. काकूंनी विचारलं, "तेल किती वतता त्यात?"

"भरपूर. उपाशी ठिवू व्हय?"

"खूण असंल ना कायतरी?"

"खुणेच्या वर घालतो. खूण कंपनीची, पोट तिचं."

"अवो, पोराला दूध पाजतानाबी तुमी असंच करायचा! त्ये वकायचं, आन् तुमी म्हनायचा पोराचं पोट बिघडलंय. काढा जास्तीचं!"

आम्ही खुणेपर्यंत ऑइल काढून टाकलं. यात्रेच्या दिवसापर्यंत पावडर कोरडी ती कोरडीच. तात्यांनी नवा शर्ट घातला आणि मागची सीट ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली.

मुलाच्या कारमधून काकू आल्या. नैवेद्य झाला, जेवणं झाली, आणि मुलगा घड्याळ बघायला लागला. "आई, निघू. नंतर ट्रॅफिक लागतं."

काकू पदर खोचून फटफटीपाशी वाकल्या, इंजिनाखालून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरून बघितलं. "कोरडं हाय की वो!" त्यांचा चेहरा असा फुलला, जणू बक्षीस त्यांनाच मिळालं. तात्यांनी किक मारली. गाडी एका दणक्यात सुरू झाली.

"बस," तात्या म्हणाले. "वाईच ओतूरला..."

कारमध्ये नातीने भोकाड पसरलं. मुलाने हॉर्न दिला. काकूंनी एकदा सीटकडे बघितलं, एकदा कारकडे. "पुढल्या टायमाला," त्या म्हणाल्या आणि तात्यांच्या नव्या शर्टाची कॉलर सरळ करून गेल्या.

कार वळणाआड गेली. तात्या सीटवर तसेच. फटफटी चालूच.

मी तावातावाने पुढे झालो. "मी त्याला आत्ता फोन लावतो! काय समजतात हे लोक? माणसाने बोलायचं तरी कधी?"

"पुढारी," तात्या म्हणाले, "बस मागं."

बसलो. तात्या कधी नव्हे इतकी हळू चालवत होते. खड्डा आला की जवळजवळ थांबवत होते. गाव मागे पडलं, दोन्हीकडे उसाची शेतं लागली. तात्या समोर बघत होते.

"पदर आवर," ते म्हणाले. "चाकात जाईल."

मी शर्ट-पँटमध्ये होतो. एरवी कुणाची चूक मी तिथल्या तिथे दाखवल्याशिवाय सोडत नाही.

"आवरला," मी म्हणालो.