मालक बसत नाहीत

कोणतीही खुर्ची विकण्यापूर्वी दुकानाचे मालक तिच्यावर स्वतः बसत असत. गिऱ्हाइकासमक्ष पाठ टेकवून, डोळे मिटून, एक दीर्घ श्वास घेऊन ते गंभीर स्वरात म्हणत, "न्या." या एका शब्दापुढे लेखी हमी फिकी पडे. वडिलांपासून चालत आलेला हा नेम अचानक खंडित झाला. कारण मालकांना भगंदर झाले. रोगासाठी स्थान नेमताना विधात्याने त्यांचा व्यवसाय मुळीच विचारात घेतला नसावा, किंवा फारच बारकाईने घेतला असावा.

"गुदद्वाराजवळ गळू झालं," शल्यचिकित्सक म्हणाले, "आणि पुवानं बाहेर यायला वाट पाडली. ती वाट बंद करायची."

"गोळ्यांनी?" मालकांनी आशेने विचारले.

"गोळ्यांनी पू नि ताप आवरतो, वाट बुजत नाही."

"कोमट पाण्यात बसून? आमची ही म्हणते—"

"खुशाल बसा. ठणका कमी होईल. वाट तिथंच राहील."

"मग कापून मोकळे करा की!" सोबतीस आलेला मेहुणा उदारपणे उद्गारला.

"उथळ असती तर तेच केलं असतं. उघडली की तळापासून भरून येते. ह्यांची स्नायूतून खोल गेलीये. सरसकट कापली तर ताबा सुटायची भीती."

कशावरचा ताबा, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.

"चिकटद्रव्य भरता येतं, स्नायूला धक्का नाही, पण पुष्कळदा रोग उलटतो. नाहीतर क्षार लावलेला दोरा. वाटेतून ओवायचा, आठवड्याला बदलायचा. तो हळूहळू कापत जातो, मागं जखम भरत येते. वेळ लागतो, पण हिंडता-फिरता येतं."

जन्मभर गाद्या शिवलेल्या मालकांच्या मुद्रेवर प्रथमच प्रसन्नता उमटली. "दोराच. चिकटवलेलं काम दुरुस्तीला परत येतं, हे मी रोज बघतो." बाहेर पडताना मात्र त्यांनी मेहुण्याचा दंड धरला. "हे कुणाला कळता कामा नये. हृदयविकार असता तर मीच सांगत सुटलो असतो. त्यात मान असतो."

दोरा ओवला गेला, आणि मालक दुकानात उभे राहू लागले. गिऱ्हाइके खुर्ची पाहत, मालकांकडे पाहत आणि "विचार करून येतो" म्हणून अंतर्धान पावत.

"अहो," पत्नी म्हणाली, "शेजारीण विचारत होती, खुर्च्यांतून खिळे वर येतात का म्हणून. काय सांगू?"

"सांग, सध्या उभं राहणं आवडतं मला."

"कुणाला पटेल? आयुष्यात कधी उभे राहिलात का तुम्ही?"

अशा पडत्या काळात एका नव्या सभागृहाचे व्यवस्थापक आले. त्यांना संपूर्ण सभागृहाच्या खुर्च्या हव्या होत्या. हे काम हातचे गेले तर कारागिरांना घरी पाठवावे लागणार होते. व्यवस्थापकांनी नमुन्याच्या खुर्चीकडे बोट केले. "बसा. तुमचं 'न्या' ऐकायला आलोय."

मालक खुर्चीची पाठ उगाच पुसू लागले. तेवढ्यात मेहुणा पुढे सरसावला. "भाऊजी आता बसत नाहीत, साहेब. ती पायरी मागं पडली. नुसतं बघितलं की कळतं त्यांना."

"असं? मग माझी ऑफिसातली खुर्ची गाडीतच आहे, दुरुस्तीला काढलेली. ती बघा."

खुर्ची आली. मालक तिच्याभोवती सावकाश फिरू लागले. सावकाश, कारण दुसरी गती त्यांना उपलब्ध नव्हती. अर्ध्या प्रदक्षिणेतच जोराची कळ आली. डोळे घट्ट मिटून, एका हाताने कंबर धरून ते कळवळले, "आई गं!"

व्यवस्थापकांचा हात स्वतःच्या कंबरेवर गेला. "अगदी बरोबर! हिनंच माझी कंबर मोडली. मला कळायला वर्ष लागलं हो!"

काम तिथेच पक्के झाले, आणि मालकांच्या दृष्टीची कीर्ती चौफेर पसरली. लोक घरच्या खुर्च्या दाखवायला आणू लागले. मालक कुठे पाहुणे म्हणून गेले तर यजमानीण पुढची खुर्ची लगबगीने उचलून आत नेई. "छे, छे! तुम्ही काय आमच्या खुर्चीवर बसणार!" विक्री दुप्पट झाली.

यथाकाल दोरा गळाला, जखम भरली आणि शल्यचिकित्सकांनी अनुज्ञा दिली, "आता कुठंही बसा." मालक थेट दुकानात आले. समोर एक वृद्ध दांपत्य आरामखुर्ची न्याहाळत होते. मालकांनी त्या खुर्चीत देह सोडला, डोळे मिटले आणि कित्येक महिन्यांचे सुख एका श्वासात घेतले. "न्या."

आजोबांनी आजींना कोपराने ढोसले. "चल गं. ह्यांना बसून बघावं लागलं. काहीतरी गोम आहे."

"भाऊजी, उठा!" मेहुणा धावत आला. "लोक बघतायत!"

मालक उठले. पाठीमागच्या घरात जाऊन टेकावे, तर पत्नीने दारातच अडवले. "इथं नको, दुकानातून सगळं दिसतं. मुलीच्या सासरचेही आज दिवाणखान्याच्या खुर्च्या घेऊन यायचेत तुम्हाला दाखवायला."

त्यानंतर दर आठवड्याला एक गृहस्थ शल्यचिकित्सकांच्या दवाखान्यातल्या बाकावर, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसलेले दिसू लागले. एके दिवशी परिचारिकेने विचारले, "काका, तुम्हाला तर पूर्ण बरं वाटतंय ना?"

"अगदी."

"मग नंबर कशाला लावलाय?"

मालकांनी एक डोळा उघडला. "सगळ्यात शेवटचा लाव, पोरी."