अप्पांच्या नळावर अख्खी गल्ली

"या गल्लीला रोज पाणी आणून दाखवतो, न्हाई तर नाव बदला माजं!" मल्लिनाथअप्पांनी अंबाजोगाईतल्या आपल्या गल्लीत जाहीर करून टाकलं.

कारण त्यांच्या नळाला मीटर बसला होता. शहराला पाणी किती लागतं, याचा हिशोब इंजिनिअर वर्षाराणी मॅडम कंप्युटरवर मांडत होत्या. त्यासाठी प्रत्येक गल्लीतलं एकेक घर नमुन्याला घेतलं होतं. नळ आठवड्यातून एकदा यायचा. अप्पांच्या बायकोनं, उमाबाईंनी, अंगणात लावलेला मोगरा तोवर मान टाकायचा. उमाबाई गेल्या, निदान मोगरा तरी जाऊ नये, एवढंच अप्पांचं म्हणणं.

"मीटर जितका पळंल तितकं पाणी वाढंल! आपापले नळ बंद करा अन् समदे माज्याकडं या!"

नळ आला तशी गल्ली लोटली. शेजारच्या केशरबाई घागरी भरता भरता गोधड्या धुण्यावर आल्या. गल्लीतल्या लखननं म्हैस आणली. तिनं ओट्यावर आंघोळ केली आणि जाताना अप्पांची वाळत घातलेली लुंगी चघळली. मीटर नुसता भिंगरीसारखा!

दुसऱ्या दिवशी मॅडम हजर. मागे पहारी घेतलेले मजूर.

"अप्पा, घरात किती जण?"

"मी एकटाच की."

"एकट्याला मंगल कार्यालयाएवढं पाणी? कंप्युटर हे मान्यच करेना! म्हणजे पाइप फुटलाय. खणा रे, त्या झाडाखालूनच गेलाय तो!"

पहार वर गेली. अप्पांनी मोगऱ्याला मिठीच मारली!

"थांबा! फुटलंबिटलं कायबी न्हाई! अख्खी गल्ली भरत होती हितं!"

"अप्पा, कावून सांगितलं वो!" केशरबाई किंचाळल्या.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. एका माणसाच्या जागी सगळी गल्ली घातली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जुळलं! एका नळावर अख्खी गल्ली भागते, म्हशीसकट! मग एवढा वेळ पाणी सोडायचं कशाला?"

पुढच्या खेपेपासून पाण्याची वेळ निम्मी झाली. चढावरच्या नळांना ते पोहोचेचना. धार तेवढी उतारावरच्या अप्पांना.

अप्पा मोगऱ्यासाठी बादली घेऊन आले, तर नळाखाली केशरबाईंची घागर. मागे रांग. रांगेत म्हैस.

"केशरबाई, घर माजं हाय!"

"सरका अप्पा! कंप्युटरमदी आमी समदे हितंच राहतो!"

म्हशीनंही मग अगदी घरच्यासारखा मोगऱ्याचा शेंडा तोंडात घेतला.