इंजिनाच्या खोकल्याची चौकशी

देवरुखचे महिपत घाग यांच्या परसातले रॉकेलवर चालणारे इंजिन सन १९३४ च्या चैत्रात खोकू लागले. सुरुवातीला नीट चाले, मग फटफट मंदावे, ठसके देई आणि मान टाकी. मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर महिपतने ते मोठ्या हौसेने विहिरीवर बसवले होते. त्या हौसेत जुना रहाट चुलीत गेला होता आणि बैल मेहुण्याकडे. त्यामुळे इंजिन थांबले की त्याची बायको सगुणा कळशी उचले आणि स्वतः लावलेली पोफळीची रोपे शिंपू लागे. रोपे पिवळी पडत चालली होती.

प्रथम शेजारचे वैद्यबुवा आले. त्यांनी टाकीचे झाकण उघडून आत तेल आहे याची खात्री केली, झाकण लावले, इंजिनावर पालथा हात ठेवला आणि उष्णतेचा प्रकोप सांगितला. ओले फडके गुंडाळून इंजिन फिरवताच ते सुरू झाले. वैद्यबुवा समाधानाने घरी पोचेपर्यंत ते पुन्हा थांबले.

मग आगबोटीवर नोकरी केलेले दादू सारंग आले. त्यांनीही झाकण उघडून तेल पाहिले आणि मग बैठक कलती असल्याचे सांगून इंजिनाखाली लाकडाची पाचर ठोकली. इंजिन सुरू झाले, आणि थांबले. शेवटी निवृत्त शिरस्तेदार रावजी खानविलकर आले. त्यांनी झाकण उघडून तेल पाहिले व रीतसर चौकशीवाचून कशालाही हात लावू नये असे बजावले. इंजिन तेवढ्यावरही सुरू झाले, बहुधा चौकशीच्या धाकाने.

आपलाच उपाय लागू पडतो याचा पुरावा आता प्रत्येकापाशी होता. म्हणून रावजींच्या अध्यक्षतेखाली इंजिन चौकशी मंडळ स्थापन झाले. ते रोज महिपतच्या पडवीत बसे आणि चहा घेई. मालक हा पक्षकार असल्याने निकाल लागेतो त्याने इंजिनाला हात लावू नये, असे ठरले. तोवर रोपांना पाणी कोणी घालायचे, असे सगुणाने विचारले. हा प्रश्न मंडळाच्या कक्षेबाहेरचा असल्याचे तिला सौजन्याने कळवण्यात आले. महिपत भिडस्त माणूस. तो मान खाली घालून कळशी भरू लागला.

फडके की पाचर, यावर मंडळात हातघाईची वेळ आली तेव्हा रावजींनी इंजिनाचा एखादा भाग पुरावा म्हणून ताब्यात घ्यायचे ठरवले. हत्याराशिवाय सुटणारा भाग एकच होता: टाकीचे झाकण. ते फडक्यात बांधून, वर लाखेची मोहर करून रावजी घरी घेऊन गेले. जाताना इंजिन चालवून पाहण्याची परवानगी मात्र देऊन गेले.

महिपतने उघड्या टाकीवर विरळ फडके टाकले आणि इंजिन फिरवले. ते चालू लागले आणि विहिरीचा तळ दिसेपर्यंत चालतच राहिले.

"आवो, आज ह्येला खोकला न्हाय," सगुणा म्हणाली.

महिपत उघड्या टाकीकडे बघत राहिला. मग दोघे तडक रावजींकडे गेले. मोहरबंद पुरावा मंडळाच्या ठरावाशिवाय उघडता येत नाही, असे रावजी समजावून सांगत होते, तेवढ्यात सगुणाने लाख नखाने उडवली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक होते. कुंभारीण माशीने त्यात माती लिंपून घर बांधले होते. आत हवा जात नाही म्हणून तेल खाली उतरत नाही, आणि तेल बघायला कोणी झाकण उघडले की टाकीला तेवढ्यापुरता श्वास मिळतो, हे महिपतने हळू आवाजात सांगितले. सांगताना त्याला वाळलेल्या रोपांची लाज वाटत होती. सगुणाने अंबाड्यातला आकडा काढून दिला, त्याने भोक मोकळे केले.

रावजी गंभीर झाले. पुराव्यात ढवळाढवळ झाली होती. माती होती तशी परत बसवावी आणि बिघडलेले इंजिन मंडळापुढे हजर करावे, म्हणजे चौकशी पुरी करता येईल, असे त्यांनी फर्मावले. महिपत सवयीने मान डोलावणार होता.

"माती हवी तर आमच्या विहिरीकाठी हाय, लागंल तेवढी न्या," सगुणा म्हणाली. "झाकण मिळायचं न्हाय."

काही रोपे गेलीच. उरलेल्यांनी अहवालाची वाट न पाहता नवी पाने काढली. अहवालात इंजिन दुरुस्त झाले नसून केवळ चालत आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यात पाचरीचा उल्लेख नसल्याने दादू सारंगांनी राजीनामा दिला.

वाचकहो, आपण मंडळाला हसला असाल. पण कुंभारीण माशीचे नाव येण्यापूर्वीच इंजिनाचा दोष आपणही मनाशी नक्की करून टाकला होता. संकोच करू नये. सारंगांची जागा अजून रिकामी आहे.